‘48 व्होल्ट’ म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,

ई-रिक्षा आणि ई-स्कूटरच्या बॅटऱ्यांची तुलना दुकानात होते ती ‘48 व्होल्ट, 30 एएच’ (एएच म्हणजे अँपिअर-तास) एवढ्याच छापावर. पण हा छाप वेगवेगळ्या मालावर असतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकमध्ये 3.2 व्होल्टचे बहुधा 16 सेल, म्हणजे 51.2 व्होल्ट, एनएमसीमध्ये (निकेल-मँगनीज-कोबाल्टची लिथियम बॅटरी) 3.6 व्होल्टचे बहुधा 13, म्हणजे 46.8. त्याच 30 एएचला एकात 1536 वॉट-तास ऊर्जा, दुसऱ्यात 1404. लेड-अॅसिडचे एएच तर बहुतेकदा 20 तासांच्या दराने मोजलेले असतात. 100 एएचची बॅटरी 5 अँपिअरने 20 तास पुरेल, पण तीच 5 तासांत उपसली तर 80च्या आसपासच हाती लागते. आणि रिक्षा काही 5 अँपिअरवर चालत नाही!

खरी तुलना करायची तर पॅक पूर्ण चार्ज करून तासभर तसाच ठेवावा. मग सर्वांना सारखाच लोड लावावा. 30 एएचला 10 अँपिअर ठीक. लेड-अॅसिड 12 व्होल्टच्या प्रत्येक बॅटरीमागे 10.5 व्होल्टपर्यंत, लिथियम बीएमएस (पॅकचे रक्षण करणारे सर्किट) वीज तोडेपर्यंत उतरवावी. मीटरवर वॉट-तास वाचावेत आणि तापमानाची नोंद ठेवावी. क्षमता कमी भरली म्हणून पॅक लगेच भंगारात काढू नये. बरेचदा एकच सेल आधी तळाला जातो आणि बीएमएस सगळा पॅक बंद करतो. म्हणून शेवटच्या काही मिनिटांत एकेका सेलचे व्होल्टेज पाहावे. एलएफपीत नुसत्या व्होल्टेजवरून चार्ज ओळखू नये, मधल्या टप्प्यात ते जवळजवळ हलतच नाही.

सर्वांत धोक्याची गल्लत चार्जरची. 16 सेलच्या एलएफपीचा चार्जर 58.4 व्होल्टचा, 13 सेलच्या एनएमसीचा 54.6चा. पहिला दुसऱ्या पॅकला लावला तर सेलमागे 4.2ऐवजी जवळपास 4.5 व्होल्ट जाऊ पाहतात. मध्ये आड येते ते फक्त बीएमएस. दोन्ही चार्जरवर ‘48 व्होल्ट’च लिहिलेले असते, पिनही पुष्कळदा सारखीच.

ई-वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीची एआयएस-156 ही कसोटी सुरक्षिततेची आहे. ती उत्तीर्ण झालेला पॅक किती पल्ला देईल, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून बॅटरीवर रसायन, सेलची संख्या, पूर्ण चार्जचे व्होल्टेज आणि कोणत्या दराने व तापमानाला किती वॉट-तास मिळाले, हे ठळक छापणे बंधनकारक करावे. 25 अंशांवर मोजलेले आयुष्य विदर्भातल्या मे महिन्यात टिकत नाही, तेव्हा 45 अंशांचा आकडाही शेजारी असावा.

– एक बॅटरी तंत्रज्ञ, नागपूर