शेवाळाच्या छाटणीबद्दलही लिहायला हवं होतं

महोदय,

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत हिरवळ लावा, मग पाणी आपोआप स्वच्छ राहील, असा सल्ला आपल्या पुरवणीतल्या लेखात वाचला. त्यातल्या ‘आपोआप’ या एका शब्दापायी हे पत्र लिहायला बसले.

चारशे लिटरची अशी टाकी मी सहा वर्षं सांभाळते आहे. हौस मूळची मुलाची. तो शिकायला बाहेर गेला आणि दोन क्लाउनफिश, एक पिवळा टँग (शेवाळ खाणारा मासा) आणि खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर माझ्या गळ्यात पडला.

लेखात ‘वनस्पती’ म्हटलंय ती बहुतेक शेवाळं आहेत. त्यांना खरी मुळं नसतात, दगडाला धरून राहण्यापुरती पकड असते. मुळं, फुलं असलेलं समुद्री गवत वेगळं. त्याला वाळूचा जाड थर लागतो आणि ते रुजायला वेळ घेतं.

आता ‘आपोआप’कडे येते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून नायट्रेट, फॉस्फेट पाण्यात साठतात. शेवाळ ते शोषून वाढतं, हे खरं. पण शोषलेलं राहतं कुठं? शेवाळाच्या अंगात, म्हणजे टाकीतच. कात्री लावून शेवाळ बाहेर काढाल तेव्हाच ते टाकीबाहेर जातं. लेखात कात्रीचा उल्लेखही नाही.

मला हे कॉलर्पा नावाच्या शेवाळानं शिकवलं. पिसांसारखी पानं इतकी देखणी दिसायची की छाटायला हात होईना. चार महिने तशीच वाढू दिली. एका संध्याकाळी पानं फिकी पडून त्यांवर जाळी उमटल्यासारखी दिसली. उद्या बघू, म्हटलं. सकाळी दिवा लावला तर पाणी चुना कालवल्यासारखं, आणि मासे वर येऊन तोंडं वासताहेत! कॉलर्पाची अख्खी वेल म्हणजे एकच पेशी, आत असंख्य केंद्रकं. प्रजननाची वेळ आली की आतलं सारं पुनरुत्पादक पेशी होऊन एकदम पाण्यात सुटतं आणि मागं पांढरी सालं उरतात. चार महिन्यांत शोषलेलं एका सकाळी परत, वर त्या कुजण्यानं प्राणवायूही ओढला. आदल्या दिवशी शंभर लिटर खारं पाणी कालवून ठेवलं होतं म्हणून निभावलं. मासे वाचले, पण सफाई करणारी कोळंबी गेली. तिचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून कीटोमॉर्फा हे दुसरं शेवाळ ठेवते. हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता जणू, दिसायला अगदी सुमार. म्हणून ती खालच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, असते. वर ठेवली तर टँग फडशा पाडेल. तिचा दिवा मी रात्री लावते. वरचे दिवे विझले की पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकतं. खाली शेवाळ हा वायू वापरत राहिलं की उतार कमी होतो. माझ्याकडे पहाटेचा आकडा ७.९ वरून ८.१ वर आला. दर पंधरवड्याला मूठभर छाटते. नवं शेवाळ आणलं की आधी टाकीच्याच खारेपणाच्या पाण्यात बादलीत खळबळून घ्यावं. एकदा त्यातून एप्टेशियाचं इवलंसं समुद्रफूल निघालं होतं. ते टाकीत गेलं असतं तर पसरत जाऊन वर्षभर छळलं असतं.

छाटलेलं टाकायचं कुठं, हेही लेखात नाही. कॉलर्पा टॅक्सिफोलिया ही मत्स्यालयांतली जात १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात सापडली आणि पुढं भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. २००० मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या खाडीत आढळली. तिथं ताडपत्र्या घालून, खाली क्लोरीन सोडून ती मारावी लागली. ती संपल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं. तिच्या छोट्या तुकड्यापासूनही नवी वेल धरते.

लेखकांनी पुढच्या वेळी एवढं तरी जोडावं. माझी छाटणी मी उन्हात पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवते आणि मगच कचऱ्यात टाकते. नाल्यात नाही, संडासात नाही, समुद्रात तर नाहीच.

आपली,
एक वाचक