ठेव विमा रूझवेल्ट यांना नकोच होता

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतील महामंदीवरचा लेख वाचला. 1929 सालची शेअर बाजारातली पडझड लेखकाने छान रंगवली आहे. पण बँक बुडाली तरी ठेवीदाराला पैसे मिळवून देणारा ठेवींचा विमा ही राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची देणगी, हे वाक्य खटकले. त्यांचा तर या विम्याला विरोध होता! भक्कम बँकांनी वर्गणी भरायची आणि ढिसाळ बँका त्यावर तरायच्या, हे त्यांना मान्य नव्हते. बडे बँकवालेही तेच म्हणत. शंका अगदीच फोल नव्हती. ओक्लाहोमा, नेब्रास्कासारख्या राज्यांच्या ठेव-हमी योजना आधीच आपटल्या होत्या.

विम्यासाठी रेटा आला तो खेड्यांतून. पहिल्या महायुद्धात युरोपला गहू हवा होता, म्हणून शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. 1920 नंतर भाव कोसळले, हप्ते थकले, गावच्या बँका बसू लागल्या. ज्याला आपण भरभराटीचे दशक म्हणतो, त्यात तिथे वर्षाला सरासरी सहाशेवर बँका बुडत होत्या. डिसेंबर 1930 मध्ये न्यूयॉर्कची 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स' बंद पडली. होती खासगी, पण नावामुळे अनेक स्थलांतरितांना सरकारी वाटे. ठेवीदार चार लाखांवर.

अलाबामाचे प्रतिनिधीगृहातले सदस्य हेन्री स्टीगल यांनी विम्याचा हट्ट सोडला नाही आणि सिनेटमध्ये विरोधी पक्षाच्या व्हँडेनबर्ग यांनी तो लवकर लागू करणारी दुरुस्ती आणली. अखेर 16 जून 1933 रोजी रूझवेल्ट यांनी कायद्यावर सही केली. पुढच्या जानेवारीपासून अडीच हजार डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित झाली. सहीच्या आधी, मार्च 1933 मध्ये, रेडिओवरून त्यांनी लोकांना धीर दिला आणि लोकांनी घरात दडवलेले पैसे परत बँकेत आणले, ते श्रेय मात्र निखळ त्यांचेच.

आपल्याकडे केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक 1960 साली बुडाल्यावर, 1962 पासून ठेव विमा आला, मर्यादा 1,500 रुपये. आता ती पाच लाख आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या इथल्या एका बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पिशवीत पासबुक घेऊन मी सकाळी सातला रांगेत होतो. पुढच्या आजी शटरवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वाचा हो, चष्मा विसरले." मला आधी विम्याचीच ओळ वाचून दाखवावीशी वाटली.

लेखकांनी पुढच्या भागात स्टीगल यांना दोन ओळी द्याव्यात, ही विनंती.

– एक ठेवीदार, नाशिक