हिवतापात लंघन नको, लोहाच्या गोळीची घाईही नको

महोदय,

पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला की मराठवाड्यात अजूनही अनेक घरांत रुग्णाला चहा-बिस्किटावर ठेवतात. हिवतापात हे घातक ठरू शकते. जंतू तांबड्या पेशीत वाढताना ग्लुकोज झपाट्याने वापरतात आणि यकृताची नवी साखर तयार करण्याची क्षमताही घटते. त्यामुळे रक्तातली साखर घसरते; लहान मुले व गरोदर स्त्रियांमध्ये हा धोका जास्त. क्विनिन या हिवतापाच्या औषधाने तो आणखी वाढतो. साखर ४० मिलिग्रॅमखाली गेली तर आजार गंभीर समजावा. घाम, गुंगी, झटके दिसले की 'ताप डोक्यात गेला' म्हणत बसू नये, आधी साखर तपासावी. शुद्धीवरच्या रुग्णाला दर दोन-तीन तासांनी मिठाची पेज, पातळ वरणभात, गुळाचे पाणी द्यावे.

हिमोग्लोबिन उतरल्याचे पाहून पहिल्याच दिवशी लोहाच्या गोळ्या सुरू करणे व्यर्थ. तापात हेप्सिडिन हे लोहाचे नियंत्रण करणारे संप्रेरक वाढते. मग आतडे लोह घेत नाही आणि साठ्यातले लोहही अडकून पडते. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले प्रथिन) मात्र दाहामुळे वाढलेले असते, त्यामुळे कमतरता असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. आधी हिवतापाची औषधे पूर्ण करावीत, मग लोह. प्लेटलेट हिवतापातही घसरतात, हे डेंग्यूच्या गडबडीत विसरले जाते.

व्हायव्हॅक्स या प्रकारच्या हिवतापासाठी प्रायमाक्विनची गोळी १४ दिवस, जेवणानंतर. जी-६-पीडी (तांबड्या पेशींना जपणारे विकर) कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. लघवी काळसर झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

– एक वैद्यकीय अधिकारी, परभणी