भुजला जायच्या आधी

पुणे, रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी नुसतं 'बरं' म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. नोकरी सोडली. एक तारखेला भुजला चाललेय, दीड वर्षासाठी. तिथली एक संस्था माती-दगडाची घरं बांधते.

आई, आधी तुझं. खोलीत आम्ही दोघी आहोत, बाथरूमला गरम पाणी आहे, खालच्या गल्लीत मेस आहे. बाजरीची भाकरी मिळते म्हणे. पहिल्या महिन्याचं ज्वारीचं पीठ मी सोबत नेतेय. पगार इथल्यापेक्षा निम्मा, पण भाडं संस्था भरते आणि शिक्षणाचं कर्ज मार्चमध्येच फिटलंय. हे तुला माहीत आहे, तरी लिहिते.

बाबा, तुम्ही काही विचारणार नाही, हेच मला जड जातं. पाच वर्षं बी.आर्क. करून पोरगी मातीकडेच चालली, असं मनात येईल तुमच्या. सास्तूरच्या आत्याच्या घराबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. मी 1993 च्या, अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या भूकंपानंतर चार वर्षांनी जन्मले, तरी दर वर्षी त्या रात्री तुमची खाट दारापाशी सरकते, हे मी लहानपणापासून बघत आले.

तिसऱ्या वर्षाला त्याच किल्लारीच्या भूकंपाचा अभ्यास होता तेव्हा वर्गात बसवेना. दोन-दोन फुटी भिंती, पण आतून पोकळ म्हणाव्यात अशा: दोन्ही अंगांना दगड रचलेले, मध्ये गोटे आणि चिखल. या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारा एकही आरपार दगड नाही. कोपरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत. वर माळवद, मातीचं सपाट छप्पर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी माती टाकायची, थरावर थर. ती सगळी पहाटे 3:56 ला खाली आली. पण कितीतरी घरांत लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या, तुम्हीही ते पाहिलंत.

आणि 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छात उलटं दिसलं. तिथल्या बन्नी भागातली 'भुंगा' घरं, गोल मातीच्या भिंतींवर गवताचं हलकं छप्पर, बरीचशी टिकली. त्याच दिवशी पार अहमदाबादेत सिमेंटच्या बहुमजली इमारती पडल्या. भिंत गोल फिरली की धक्का एका कोपऱ्यावर साठत नाही, आणि छप्पर हलकं असलं की भिंतींवर जोर कमी येतो, आणि पडलंच तरी खालचे त्याखाली चिरडण्याची भीती कमी. मला हे हातानं बांधून शिकायचंय. इथे तीन वर्षं पश्चिमेला काच लावली आणि मग आत एसीचे टन वाढवत बसले. माझं मन रमलं नाही त्यात.

तुम्ही स्लॅबचं घर बांधलंत ते चुकलं, असं मुळीच म्हणत नाही हं. त्या वेळी मीही तेच केलं असतं. त्या घरात मी निर्धास्त झोपले. एप्रिलमध्ये स्लॅब तापायचा, तुम्ही संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचात, पाइप माझ्या हातात द्यायचात आणि मी भिजले की आईचं ओरडणं तुम्ही खायचात. अजून कडक ऊन लागलं की मला तो ओल्या गच्चीचा वास येतो.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळीच, 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही, शेजारच्या पोराला सांगा. न्हाणीत दांडा बसवायला गवंडी येईल; पावणेतीन फुटांवर बसवून घ्या, तो खाली-वर काहीही म्हणाला तरी. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. आणि फरशी पुसल्यावर बाबांना लगेच आत येऊ देऊ नकोस.

दिवाळीला नक्की येते. एक काम राहिलं. परसात ताडपत्रीखाली आत्याच्या घरचा तो खांब आहे. सरपणवाल्याला देऊ नका. या पावसात ताडपत्री फाटली असेल, नवी घाला, आणि खांब विटांवर उचलून ठेवा, जमिनीला टेकला की वाळवी लागते. बाबा, एकट्यानं उचलू नका.

तुमची,
छकुली