तालुक्यातल्या प्रशिक्षणाबद्दल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तालुका आरोग्य अधिकारी म्हणून कार्यभार घेताच तू आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ताणाचा विषय काढलास, फार बरं वाटलं. एक दिवसाचं शिबिर घेऊन योगशिक्षक बोलवावेत का, असं विचारलं आहेस. योग चांगलाच, पण रात्री बाळंतपण करून सकाळी लसीकरण सत्राला निघालेल्या आरोग्यसेविकेला झोप हवी असते, आणि ती झोप तिच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात असते. म्हणून शिकवायचं त्याला. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे.

डॉक्टरांबरोबर आरोग्य सहाय्यिका, आरोग्य सहाय्यक आणि आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक यांनाही बसव, कारण आशा आणि सेविका आधी त्यांच्याशीच बोलतात. 15 पेक्षा जास्त माणसं नकोत. दोन-दोन तासांची चार सत्रं, पंधरा दिवसांच्या अंतराने. पावसाळा टाळ: भातलावणीबरोबर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस तापाचे) रुग्ण सुरू होतात, मग गणपतीला चाकरमानी येतात. मार्चही नको. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंतचा काळ बरा.

पहिल्या सत्रात प्रत्येकाने मागच्या महिन्याचा ड्यूटी चार्ट आणायचा. रात्रपाळीला लागून दिवसाची ड्यूटी कुठे आली, रविवार सारखे कोणाच्या वाट्याला गेले, कोणाची रजा नाकारली, हे लाल पेनाने खुणावायचं आणि तिथेच पुढच्या महिन्याचा चार्ट नव्याने लिहायचा. ‘माणसंच नाहीत’ असं कोणीतरी म्हणेलच, आणि ते खरंच आहे; रिक्त पदं प्रशिक्षणाने भरत नाहीत. मग काम कमी करावं लागतं, आणि ते तुझ्याच हातात आहे. जी माहिती पोर्टलवर भरली जाते तीच रात्री व्हॉट्सअॅपवर पुन्हा मागवणं बंद कर. हे तू केलं नाहीस, तर बाकी सगळं पोकळ वाटेल.

दुसरं सत्र बोलण्याचं. तिघातिघांचे गट: एक अधिकारी, एक सेविका, एक नुसतं पाहणारा, दहा मिनिटांनी भूमिका बदलायच्या. ‘काही टेन्शन आहे का?’ असं विचारलं की ‘नाही सर’ हेच उत्तर येतं. ‘या आठवड्यात सगळ्यात जड काय गेलं?’ विचारलं की माणूस बोलतो. मध्येच उपाय सुचवायचा मोह आवरणं सगळ्यांनाच अवघड जातं, सराव त्याचाच हवा. शेवटी एकच गोष्ट कबूल करायची, तारखेसह, आणि पाळायची. इथे ऐकलेलं मासिक सभेत कोणी काढलं, तर पुढे कोणी तोंड उघडणार नाही. त्या सभेत एकेकाला उभं करून लक्ष्यपूर्तीवरून झापणंही थांबव. कमी पडलेला आकडा एकांतात विचारायचा.

तिसरं सत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: केंद्रावर माता दगावली किंवा नातेवाईक अंगावर आले, तर पहिल्या दिवशी काय करायचं. ज्या सेविकेने प्रसंग झेलला तिला लगेच कामावरून मोकळी कर, सोबत देऊन घरी पोहोचव, दुसऱ्या दिवशी स्वतः फोन कर. मातामृत्यूची चौकशी होणारच. पण चौकशी करणारा आणि धीर देणारा एकच माणूस ठेवू नकोस, नाहीतर धीराचे शब्दही तिला जबाब वाटतात. हल्ल्याच्या तक्रारीला केंद्रप्रमुखाने स्वतः तिच्यासोबत जावं. राज्याच्या 2010 च्या कायद्याने तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. कोणाच्या बोलण्यात जगणं नकोसं झाल्याचा सूर आला, तर सरळ विचारायचं, एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पोहोचवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक चोवीस तास चालतो. तो आताच भिंतीवर लाव.

चौथ्या सत्रात पुन्हा तेच चार्ट. लाल खुणा घटल्या का, एवढंच पाहायचं. समाधानाचे फॉर्म भरून घेऊ नकोस, साहेबांच्या समोर सगळेच ‘उत्तम’ लिहितात.

तारखा ठरल्या की कळव, आणि तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांचे चार्ट आधी पाठव.

तुझा,
मित्र