पिंजऱ्यात सापडलेले उदमांजर पन्हाळ्याला नेऊन सोडू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घुशींसाठी लावलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात रात्रीतून उदमांजर अडकते, ही गोष्ट कोल्हापूरच्या जुन्या पेठांत राहणाऱ्यांना नवी नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा भागांत जिथे अजून कौलारू घरे, माळे आणि परडी शिल्लक आहेत तिथे, आणि कळंबा, पाचगावच्या बाजूला जिथे वसाहतीच्या मागे अजून ऊस उभा असतो तिथेही हा प्राणी माणसाच्या शेजाराने राहतो. तो पिंजऱ्यात सापडल्यावर काय करावे याबद्दल मात्र आपल्याकडे कमालीचे अज्ञान आहे. ज्यांना त्याला मारायचे नसते, ज्यांच्या मनात दयाच असते, अशी माणसेही 'लांब जंगलात सोडून आलो' असे समाधानाने सांगतात, आणि या समजुतीने होणारे नुकसान मारणाऱ्यांनी केलेल्या नुकसानापेक्षा फारसे कमी नसते. त्याबद्दल सविस्तर लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

उदमांजराला आपल्याकडे काळमांजर, कांडेचोर अशीही नावे आहेत. काही जण मसण्याऊद म्हणून त्याला उगाच घाबरतात, तर काही जण बिबट्याचे पिल्लू समजून गाव गोळा करतात. वजन साधारण दोन ते पाच किलो, अंगावर राखट-काळे राठ केस, पाठीवर अस्पष्ट काळे पट्टे, पाय काळे, डोळ्यांभोवती फिकट ठिपके आणि अंगाच्या लांबीची शेपटी, असा हा निशाचर प्राणी आहे. शेपटीवर काळी-पांढरी कडी दिसली, तर ते जवादी मांजर समजावे. ते जमिनीवर अधिक वावरते. उदमांजर झाडावर आणि छपरावर सहज चढते. उंबर, जांभूळ, पपई, चिकू, शिंदीची आणि भेरली माडाची फळे हे त्याचे आवडते खाणे, आणि जोडीला उंदीर, किडे, गोगलगायी. कंपाउंडच्या भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर बियांनी भरलेली विष्ठा ठरावीक जागी सापडते, ती बहुधा याचीच. त्या बिया रुजतात आणि झाडे वाढतात. उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी लावलेल्या पिंजऱ्यात आपण उंदीर खाणाऱ्यालाच अडकवतो, याचा विचार पिंजरा लावताना फारसा कोणी करत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सापडलेल्या उदमांजराची अवस्था मी जवळून पाहिली. पिंजरा घुशीच्या मापाचा होता. त्यामुळे आकड्याला लावलेले सुकट ओढताच पडलेले दार शेपटीवर बसले होते आणि तिथली कातडी सोलवटली होती. रात्रभर जाळीला धडका देऊन नाकाचा शेंडा रक्ताळला होता, पुढच्या पंजाचे एक नख जाळीत अडकून निघाले होते, आणि जाळी चावून हिरड्यांतून रक्त येत होते. पिंजरा पत्र्यावर होता आणि नऊ वाजताचे ऊन थेट त्यावर होते. भोवती गर्दी जमली. मुले केरसुणीच्या दांड्याने ढोसत होती, मोठी माणसे मोबाइल जाळीला टेकवून चित्रीकरण करत होती. प्राण्याने घाबरून उग्र वास सोडला तेव्हा 'घाण करतोय' म्हणून कोणीतरी त्यावर फिनेल घातलेले पाणी ओतले. शेवटी पिंजरा टेम्पोत टाकून पन्हाळ्याच्या रस्त्याला नेला आणि झाडी दिसली तिथे दुपारी त्याचे दार उघडले. यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. काय करायचे ते कोणाला माहीत नव्हते, एवढेच.

वासाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण गर्दी बिथरते ती वासामुळे. शेपटीखालच्या ग्रंथींतून येणारा हा स्राव त्या प्राण्याचे भीतीच्या क्षणी वापरायचे हत्यार आहे, आणि जितके आपण ढोसू, ओरडू, पाणी मारू, तितका वास वाढणार. मोबाइलवर फिरणाऱ्या अमेरिकेतील चित्रफितींमुळे यात आणखी गोंधळ झाला आहे. त्यांत स्कंक नावाचा काळा-पांढरा प्राणी अशाच पिंजऱ्यात सापडलेला दाखवतात. तो भारतात आढळत नाही. तो गंधकयुक्त द्रव नेम धरून सुमारे तीन मीटरपर्यंत फवारतो, आणि त्याआधी पुढचे पाय आपटून व शेपटी उभारून इशारा देतो. तिथली जाणती माणसे जुनी चादर स्वतःसमोर आडवी धरून, अजिबात आवाज न करता पिंजऱ्याकडे सरकतात आणि पिंजरा सगळ्या बाजूंनी झाकतात, कारण अंधार झाला आणि समोर कोणी दिसेनासे झाले की प्राणी शांत होतो. आपण त्या चित्रफितींतून घ्यावे ते एवढेच. स्कंकच्या वासावर तिथे वापरले जाणारे हायड्रोजन पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि भांड्यांचा द्रवसाबण यांचे ताजे मिश्रण आपल्याकडे कोणी तयार करण्याचे कारण नाही. ते बंद बाटलीत भरून ठेवले तर वायू साठून बाटली फुटू शकते. जिवंत उदमांजराच्या अंगावर तर ते, फिनेल किंवा दुसरे काहीही ओतू नये. आपल्या अंगणातला वास साबणाच्या पाण्याने आणि मोकळ्या वाऱ्याने जातो.

म्हणून पिंजऱ्यात उदमांजर दिसताच पहिले काम म्हणजे माणसांना आणि कुत्र्यांना दूर करणे. मग जुनी चादर, सतरंजी किंवा गोणपाट हळूच पिंजऱ्यावर घालावे, हवा जाण्यापुरती खालची कड मोकळी ठेवावी. पिंजरा उन्हात असेल तर वरच्या कडीला धरून, अंगापासून लांब ठेवून आणि न हिंदकळवता सावलीत घ्यावा. जाळीत बोटे जाणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि जाड हातमोजे असतील तर ते घालावेत. खायला घालण्याची धडपड करू नये. त्यानंतर वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करून ठिकाण, पिंजरा केव्हा लावला होता आणि जखम दिसते का, हे सांगावे. हा क्रमांक महाराष्ट्रभर चालतो. माणूस येईपर्यंत वेळ लागेल, पण झाकलेल्या पिंजऱ्यात, सावलीत, शांततेत प्राणी तेवढा वेळ धीर धरतो. कोणाला चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; रेबीजचा धोका सस्तन वन्यप्राण्यांच्या चाव्यातही असतो, त्यामुळे हळद लावून घरी बसणे जिवावर बेतू शकते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पन्हाळा, जोतिबाचा डोंगर किंवा थेट राधानगरी अभयारण्याचा रस्ता, ही आपल्याकडे प्राणी 'सोडण्याची' लोकप्रिय ठिकाणे झाली आहेत. पन्हाळा शहरापासून सुमारे २० किलोमीटर आहे. रात्री वावरणाऱ्या प्राण्याला भर दिवसा तिथे सोडल्यावर त्याला लपायची ढोली माहीत नसते, पाणी कुठे आहे हे माहीत नसते, कोणते झाड केव्हा फळते हे माहीत नसते. उदमांजर आपल्या ठरलेल्या हद्दीत, ओळखीच्या वाटांवरून फिरते, आणि जी जागा आपल्याला मोकळे जंगल वाटते तिथे बहुधा दुसऱ्या उदमांजरांची हद्द आधीच असते. जखमी, घाबरलेला आणि भुकेला प्राणी अशा वेळी रस्त्यावर येतो, कुत्र्यांच्या तावडीत सापडतो किंवा ओळखीची जागा शोधत चालत राहतो. आपण दार उघडले, तो झाडीत पळाला, म्हणजे तो वाचला, असे आपण धरून चालतो. पण त्याचे पुढे काय झाले हे पाहायला तिथे कोणी थांबलेले नसते. शहरातला रोग जंगलातल्या प्राण्यांत जाण्याचा धोका वेगळाच.

याहून गंभीर बाब पिलांची आहे. उदमांजराची मादी एका वेळी दोन ते पाच पिले देते आणि ती वर्षात कधीही होऊ शकतात, त्यामुळे अमुक महिन्यात धोका नाही असे म्हणता येत नाही. माळा, कौलांखालची पोकळी, बंद पडलेल्या खोलीतील अडगळ ही तिची बाळंतिणीची खोली. वर सांगितलेल्या प्रसंगात टेम्पो परत आल्यानंतर त्याच रात्री त्या घराच्या माळ्यावरून बारीक चिरके आवाज येऊ लागले. घरातल्यांना आधी ते उंदीर वाटले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी शिडी लावून वर पाहिले तेव्हा जुन्या गोधडीच्या चिंधडीत डोळे न उघडलेली तीन पिले होती, आणि त्यांतले एक गार पडलेले होते. उरलेली दोन वनविभागाच्या स्वाधीन केली. आई २० किलोमीटरवर होती आणि तिला परत आणण्याचा कोणताही मार्ग नव्हता. ती मादी तिथेच, अंधार पडल्यावर, परड्यातल्या झाडाकडे तोंड करून सोडली असती, तर ती सरळ माळ्यावर गेली असती. धडधाकट प्राणी जिथे सापडला तिथेच किंवा अगदी जवळ, संध्याकाळनंतर, माणसे आणि कुत्री दूर करून सोडणे हाच योग्य मार्ग आहे, आणि तो निर्णय वनविभागाच्या माणसाने घ्यावा.

कायदाही याच बाजूने उभा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिली आहे तीत केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, सापळ्यात अडकवणे आणि आमिष दाखवणे हेही येते. उदमांजर या कायद्याने संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण उल्लंघनालाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घुशीच्या पिंजऱ्यात चुकून प्राणी अडकला आणि आपण ताबडतोब कळवले, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र उदमांजरासाठी म्हणून मुद्दाम पिंजरा लावणे आणि परस्पर गाडीत घालून नेणे, हे गुन्ह्याच्या कक्षेत जाते. शेतात उसाच्या कडेने तारेचे फास लावणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

माळ्यावर उदमांजर नको, ही अपेक्षा रास्त आहे. रात्रभर छपरावर धावपळ, छताला डाग आणि वास, हे सहन करा असे मी कोणालाही सांगणार नाही. पण पिंजरा हा त्यावरचा उपाय नाही, कारण भोक उघडे राहिले तर महिन्याभरात दुसरे येते. कौलाजवळची किंवा पत्र्याच्या टोकाची वाट शोधावी आणि तिच्या तोंडाशी रांगोळीची भुकटी पसरावी. अंधार पडल्यावर पावले बाहेर गेलेली दिसली आणि आतून पिलांचा आवाज नाही याची खात्री झाली, की लोखंडी जाळी ठोकून ती वाट बंद करावी. पिले असतील तर काही आठवडे थांबावे. ती हिंडू लागली की आई त्यांना घेऊन निघते. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, पडलेली फळे आणि खरकटे रात्री बाहेर ठेवू नये. घुशीसाठी पिंजरा लावायचाच असेल तर सुकट आणि केळे टाळून भाकरीचा तुकडा लावावा, पिंजरा भिंतीलगत जमिनीवर ठेवावा आणि उजाडताच पाहावा.

महापालिकेच्या विभागीय कार्यालयांनी आणि पिंजरे विकणाऱ्या दुकानदारांनी पिंजऱ्यासोबत १९२६ हा क्रमांक आणि चार ओळींची सूचना द्यावी, अशी माझी विनंती आहे. छापील चिठ्ठी पिंजऱ्याच्या कडीला बांधायला फारसा खर्च येणार नाही. वर्तमानपत्रांकडूनही एक अपेक्षा आहे. 'थरारक पाठलागानंतर उदमांजर जेरबंद' अशा मथळ्याखाली पिंजऱ्याभोवती हसत उभ्या असलेल्या माणसांचे छायाचित्र छापले, की पुढच्या गल्लीतले तरुण तेच करतात. आपण अशी बातमी देताना प्राणी कुठे सोडला, तो जखमी होता का आणि माळ्यावर पिले होती का, हे बातमीदाराने विचारावे, आणि बातमीच्या शेवटी १९२६ हा क्रमांक चौकटीत द्यावा.

आपला विश्वासू,
एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर