बाबांचा घाट, गॅरेजात

मिनियापोलिस, ऑक्टोबर

ती. आई-बाबांना शि. सा. न.

फोनवर बाबा चिडतील म्हणून लिहिते. बाबा, तुम्ही इथे आलात की तुमची खंडाळ्याच्या घाटाची मॉडेल आगगाडी गॅरेजातच मांडायची ठरवली आहे आणि फळ्या ठोकूनही झाल्या. तळघर उबदार आहे, मान्य. पण तिथला जिना उभा आहे आणि तुमचे गुडघे मला ठाऊक आहेत. गॅरेज स्वयंपाकघराला लागूनच आहे, मध्ये एक उंबरा. आईला पोळ्या लाटता लाटता हाक मारता येईल. फळ्या उंचीवर घेतल्यात, वाकावं लागणार नाही. पाठ टेकायला खुर्चीही आणली आहे.

थंडीत रूळ आखडतील म्हणालात. पण ९ मीटरचा रूळ तापमान ४० अंशांनी उतरलं तरी जेमतेम ६ मिलिमीटर आखडतो. तेवढी जागा सांध्यांमध्ये वाटून सोडली आहे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर दिली आहे. खरा त्रास लाकडाचा. ते उन्हाळ्यात दमट हवेने फुगतं, हिवाळ्यात आक्रसतं आणि रुळांना ओढतं. म्हणून प्लायवूडला कडांसकट रंग दिला. आमची कार आता बाहेरच राहील, नाहीतर चाकांचा बर्फ आत वितळून सगळीकडे ओल धरते. बाहेर ठेवण्यात आम्हाला काही त्रास नाही, खरंच.

कर्जत-खंडाळ्याचा ३७ फुटांना १ फूट चढ इथे लांब गाडीला झेपणार नाही, म्हणून ५० ला १ ठेवलाय. तरी बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लागेलच, आणि तो तुम्हीच लावायचा. कर्जतला मागून इंजिन जोडलं की हलका धक्का बसायचा आणि मी तुमचं बोट घट्ट धरायचे, आठवतं? आई तोवर वडा फुंकून गार करत असायची. तो धक्का मला माझ्या मुलाला दाखवायचाय.

आता ऐका. पारा उणे वीसच्या खाली गेला की गॅरेज बंद. त्या दिवशी घरात बसून गाडीचे डबे रंगवा. एरवीही कानटोपी आणि मोजे घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. पावसाळ्यातला खोकला मी विसरलेले नाही. मी आधी इलेक्ट्रिक हीटर लावून ठेवीन. शेगडी किंवा रॉकेलचं काही पेटवायचं नाही. इंजिनं रात्री घरात आणायची, पण डब्यात बंद करून, आणि डबा तासाभराने उघडायचा. नाहीतर गार धातूवर दव धरतं.

तुम्हाला बांधून ठेवायचं नाहीये, बाबा. तुम्ही बरे असलात तरच घाट पुरा होईल.

येताना इंजिनं हातातल्या बॅगेत घ्या. आई, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी तुझ्या पर्समध्ये ठेव, बाबांच्या खिशात नको.

तुमची,
छोटी